महिन्याच्या वर्गणीवरचा डॉक्टर आणि दुर्मीळ कॅन्सर – कोणाला अनुभव आहे का?

ओहायोतली_मी | ८ फेब्रुवारी २०२६

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

नवऱ्याला (वय ४८) गेल्या सप्टेंबरात लहान आतड्यातला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (संप्रेरकं सोडणाऱ्या पेशींचा दुर्मीळ कॅन्सर) निघाला. यकृतावरही चार-पाच ठिपके आहेत. त्याआधी तीन वर्षं जुलाब आणि मध्येच चेहरा लालबुंद होणं चालू होतं. 'आयबीएस, म्हणजे चिडकं आतडं आहे, ताण कमी करा' एवढंच ऐकत आलो. एका डॉक्टरबाईंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्याकडचं जेवण फार मसालेदार असतं का? शेवटी मुतखड्याच्या संशयावरून इमर्जन्सीत सीटी काढला, त्यात हे दिसलं. खडा नव्हताच.

ग्रेड १ (हळू वाढणारा) आहे, दर चार आठवड्यांनी लॅनरिओटाइडचं (वाढ आणि त्रास आटोक्यात ठेवणारं औषध) १२० मिलिग्रॅमचं इंजेक्शन चालू आहे. ऑन्कॉलॉजिस्ट उत्तम आहेत, पण त्या तीन महिन्यांतून एकदा वीस मिनिटं भेटतात. मधल्या दिवसांचं काय? शुगर वर गेली (इंजेक्शनाने जाऊ शकते म्हणे), बी-१२ खाली आलं, पित्ताशयात खडे होतायत का ते बघायचंय, हृदयाच्या झडपांसाठी इको करायचाय. नेहमीच्या क्लिनिकमध्ये सात आठवड्यांनंतरची वेळ मिळते आणि दर वेळी समोर नवीन माणूस. पुन्हा पहिल्यापासून कीर्तन.

ऑफिसातल्या एकीने डायरेक्ट प्रायमरी केअरवाली डॉक्टर सुचवली. एकट्याचे महिना ९५ डॉलर, दोघांचे १७०. विमा घेत नाहीत. फोन, मेसेज, भेटी सगळं त्यातच. आमचा कंपनीचा विमा मोठ्या डिडक्टिबलचा (आधी बराच खर्च खिशातून) आहे, सोबत एचएसए (उपचारांसाठीचं करमुक्त बचत खातं). प्रश्न असा की अशा आजारात हिचा खरंच उपयोग होतो, की आपण फक्त डॉक्टरच्या मोबाइल नंबरचे पैसे भरतो?

भिजलेला_पापड | ८ फेब्रुवारी

यादीत 'महिन्याच्या वर्गणीवरचा...' एवढंच दिसलं आणि मी वायफायचा प्लॅन समजून आत आलो. माफ करा ताई. तुमच्या मिस्टरांना आराम पडो.

तिरकी_सुई | ८ फेब्रुवारी

मला हाच आजार आहे. सहावं वर्ष. सिअ‍ॅटलजवळ राहते आणि चार वर्षं वर्गणीवाल्या डॉक्टरकडे जाते. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी आयतीच सापडले.

सरळ सांगते. ती माझ्या कॅन्सरवर काहीही उपचार करत नाही. एक गोळीसुद्धा नाही. पण मागच्या वर्षीची गोष्ट ऐका. माझं क्रोमोग्रॅनिन-ए (रक्तातली या ट्यूमरची खूण) अचानक अडीच पट आलं. रिपोर्ट पोर्टलवर शुक्रवारी संध्याकाळी पडला (असले रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळीच पडतात, हा निसर्गनियम आहे). ऑन्कॉलॉजीचं ऑफिस बंद. मी रडून मोकळी झाले, नवऱ्याने मनातल्या मनात मृत्युपत्रही लिहून काढलं. डॉक्टरला मेसेज केला. अर्ध्या तासात तिचा फोन. पहिला प्रश्न, "अ‍ॅसिडिटीची गोळी सुरू केलीस का?" केली होती! दुकानातून आणलेली ओमेप्रॅझोल, दोन महिने रोज. त्या गोळ्यांनी हा आकडा फुगतो. ऑन्कॉलॉजिस्टला ते ठाऊक असतंच, पण मी गोळी घेते हे त्यांना माहीत नव्हतं, कारण ती चिठ्ठीवरची नव्हती. हिला माहीत होतं, कारण जळजळीचं गाऱ्हाणं मी हिच्याकडेच केलं होतं. गोळी थांबवली, तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं, आकडा जुन्या जागी.

असंच तेलकट मलाचं. इंजेक्शनामुळे स्वादुपिंडाचे रस कमी पडतात, मग एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. मी त्या जेवण झाल्यावर घेत होते, आपली मुखशुद्धीची सवय. पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या असतात हे कळायला मला ४५ मिनिटांची भेट लागली. तिने मी दिवसभर काय काय आणि कसं जेवते ते वदवून घेतलं, तेव्हा सापडलं.

बिलवाली | ८ फेब्रुवारी

न्यू जर्सीत मेडिकल बिलिंगमध्ये १४ वर्षं आहे. भावनेचं तिरकी_सुई यांनी लिहिलं, मी पैशाचं लिहिते.

१. ही वर्गणी म्हणजे विमा नव्हे. तीनदा लिहायला हवं, पण एकदाच लिहिते. डोटाटेटचा (हा ट्यूमर शोधणारा) एक पेट स्कॅन किंवा लॅनरिओटाइडची एक सुई यांची बिलं पाहिलीत तर ९५ डॉलरचं हसू येईल. वर्गणी भरतोय म्हणून विमा सोडला, असं करणारे महाभाग मी पाहिलेत.

२. कन्सिअर्ज आणि डायरेक्ट प्रायमरी केअर यात गल्लत करू नका. कन्सिअर्जवाले बहुतेकदा वर्गणीही घेतात आणि विम्यालाही बिल लावतात. डायरेक्टवाले विम्याच्या वाटेलाच जात नाहीत.

३. एचएसए. आधी या वर्गणीमुळे एचएसएत पैसे भरण्याची पात्रता जाण्याची भीती असायची. १ जानेवारी २०२६ पासून कायदा बदललाय. महिना १५० डॉलरपर्यंत (एकाहून जास्त माणसांसाठी ३०० पर्यंत) वर्गणी असेल तर पात्रता राहते आणि वर्गणी एचएसएमधून भरताही येते. मात्र वर्गणीत फक्त प्राथमिक सेवाच हव्यात. लसी चालतात, पण वर्गणीतच औषधं 'फुकट' देत असतील तर पेच पडू शकतो. करार वाचा.

४. सगळ्यात महत्त्वाचं, तुमचा विमा पीपीओ आहे की एचएमओ? एचएमओत स्पेशालिस्टसाठीचं रेफरल नेटवर्कमधल्या प्रायमरीकडूनच लागतं. वर्गणीवाली डॉक्टर नेटवर्कबाहेर, तेव्हा तिची चिठ्ठी तिथे रद्दीच. पीपीओत हा त्रास सहसा नसतो.

ओहायोतली_मी | ८ फेब्रुवारी

बिलवाली, पीपीओ आहे. जीव भांड्यात पडला. तिरकी_सुई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो उठून बाथरूमच्या कपाटातली अ‍ॅसिडिटीची बाटली घेऊन आला आणि काही न बोलता माझ्यासमोर ठेवली.

अर्धा_कप | ९ फेब्रुवारी

मी थोडा कडू बोलणार आहे. नेहमीचा प्रायमरी डॉक्टर दोनेक हजार पेशंट सांभाळतो. तोच वर्गणीवर गेला की सहाशे ठेवतो आणि बाकीच्यांना नमस्ते. तुमच्या सात आठवड्यांच्या वेटिंगमागचं हेही एक कारण नाही का? ज्याला ९५ डॉलर जड नाहीत त्याची पंगत आधी बसते, आणि बाकीचे पत्रावळ घेऊन दारात उभे. दुर्मीळ कॅन्सर काय फक्त नोकरदार इंजिनियरांना होतो?

शिवाय हे धंदे टिकतीलच असं नाही. आमच्याच सिअ‍ॅटलात क्विलियान्स म्हणून या प्रकारातली आद्य कंपनी होती, २००७ पासूनची. २०१७ ला कुलूप. वर्गणी भरणाऱ्यांनी मग नवा डॉक्टर शोधला.

तिरकी_सुई | ९ फेब्रुवारी

अर्धा_कप, पटतं. उत्तर नाही माझ्याकडे. माझ्या डॉक्टरचं म्हणणं असं की ती वर्गणीवर आली नसती तर दोन हजारवाल्या नोकरीतही राहिली नसती, डॉक्टरकीच सोडणार होती. ते खरंही असेल आणि सोयीचंही असेल. मी मात्र वर्गणी भरते. रात्री अकराला जुलाब थांबत नसताना मला सामाजिक न्याय सुचत नाही.

निवृत्त_दाक्तर | ९ फेब्रुवारी

सांगली जिल्ह्यात ३६ वर्षं जनरल प्रॅक्टिस केली, आता पुण्यात नातवंडं सांभाळतो. तुम्ही हे अमेरिकेचं नवल म्हणून सांगताय म्हणून हसू आलं. आमच्याकडे ऊसवाली कुटुंबं वर्षभर दवाखान्यात यायची, वहीत नुसती खूण. कारखान्याचं बिल निघालं की माणूस एकरकमी देऊन जायचा, वर काकवीचा डबा. हिशेब कोणी मांडत नसे. काही जण बुडवायचेही, ते त्यांच्या मुलांच्या लग्नात पहिल्या रांगेत बसवून फेडायचे. ही वर्गणी नाही तर काय?

आता मुद्द्याचं. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतात की टापांचा आवाज आला तर घोडा समजा, झेब्रा समजू नका. न्यूरोएंडोक्राइनवाल्यांनी म्हणूनच झेब्रा ही आपली खूण करून घेतली आहे. घोडा समजणं चूक नाही, शंभरातले नव्व्याण्णव घोडेच असतात. चूक होते ती तोच पेशंट त्याच तक्रारीसाठी चौथ्यांदा आला तरी घोडाच म्हणण्यात. आणि तो चौथ्यांदा आलाय हे कळायला चारही वेळा समोर तोच डॉक्टर लागतो, नाहीतर निदान नोंदी वाचायला सवड असलेला. तुमच्या यजमानांच्या तीन वर्षांत प्रत्येक जण पहिल्यांदाच बघत होता, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

प्रामाणिकपणे सांगतो, हा आजार मी स्वतः ओळखून काढलेला नाही. एका मुलाचं अपेंडिक्स काढलं होतं, त्याच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये 'कार्सिनॉइड' (याच आजाराचं जुनं नाव) शब्द आला. मी पुस्तक उघडून बसलो रात्री. तो मुलगा आज दोन मुलांचा बाप आहे.

लंडनचा_पाऊस | ९ फेब्रुवारी

इकडे एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवा) जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, फुकट, सगळ्यांना, वर्गणी म्हणजे कर. अर्धा_कप यांना आवडेल. पण दहा मिनिटांची भेट आणि तोच डॉक्टर पुन्हा मिळेल याची खात्री नाही, ती रड इथेही आहे. दाक्तरसाहेब म्हणतात त्यावर इंग्लंडमध्ये गेल्या सप्टेंबरात 'जेसेस रूल' आला. एकाच तक्रारीसाठी पेशंट तीनदा आला आणि निदान लागलं नाही, किंवा त्रास वाढला, तर जीपीने निदानाचा नव्याने विचार करायचा. जेसिका ब्रेडी नावाची २७ वर्षांची मुलगी वीसेक वेळा दाद मागून २०२० मध्ये कॅन्सरने गेली, तिच्या आईवडिलांनी लावून धरलं म्हणून. नियमाने वेळ वाढत नाही, हे खरं. पण 'हा माझा तिसरा फेरा आहे' असं म्हणायची सोय तरी झाली.

खारीचा_वाटा | १० फेब्रुवारी

सगळे गोडवे गातायत म्हणून उलट अनुभव टाकते. टेक्सास. बहिणीच्या मांडीला गाठ होती. तिचा वर्गणीवाला डॉक्टर अगदी देवमाणूस, मेसेजला पाच मिनिटांत उत्तर. त्याच्या वर्गणीत लहानसहान शस्त्रक्रियाही होत्या. 'लायपोमा (चरबीची साधी गाठ) आहे, इथेच काढून टाकू, तुला हॉस्पिटलचं बिल कशाला' म्हणाला आणि काढली. पॅथॉलॉजीत सार्कोमा (मऊ भागांचा कॅन्सर) निघाला. मग मोठ्या सेंटरमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया, आधी कापलेला सगळा भाग रुंद काढून, त्यावर रेडिएशन. तिथल्या सर्जनने शांतपणे सांगितलं, पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोल किंवा वाढणारी गाठ असेल तर आधी एमआरआय, मग नीट बायोप्सी, सुरी शेवटी.

तो वाईट डॉक्टर नव्हता. त्याला तिचे पैसे वाचवायचे होते. मला त्याचाच राग येतो. सगळं इथेच करून देतो, या कौतुकात तिची गाठ इथेच करून टाकली.

बहीण आता बरी आहे. वर्गणी अजून भरते, त्याच्याचकडे! माझं तिच्याशी या विषयावर बोलणं बंद आहे.

निवृत्त_दाक्तर | १० फेब्रुवारी

खारीचा_वाटा, हा प्रतिसाद इथे सर्वांत मोलाचा आहे. वेळ भरपूर असणं आणि आपली हद्द माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी. मीही एकेकाळी दवाखान्यात गाठी काढल्यात. आता आठवून अंगावर काटा येतो.

पारनाका_कल्याण | १० फेब्रुवारी

वर्गणीचं माहीत नाही, पण 'मधल्या दिवसांचं काय' हा प्रश्न आमचाही होता. बाबांना हाच आजार. परळला रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये ल्युटेशियमच्या (ट्यूमरला आतून किरण देणारं औषध) चार मात्रा झाल्या. ते ल्युटेशियम इथलंच, ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतलं. अमेरिकेत या औषधाला एफडीएची मान्यता २०१८ ला मिळाली, परळला त्याच्या आधीपासून देतायत. खर्चही तिकडच्या मानाने किरकोळ.

पण परळचे डॉक्टर रोजच्या तक्रारींना कुठे पुरणार? बाहेर फूटपाथवर देशभरातली माणसं बसलेली असतात. सगळी मधली कामं आमच्या कल्याणच्या फॅमिली डॉक्टरनी केली. ऑक्ट्रिओटाइडचं (लॅनरिओटाइडच्याच जातीचं) महिन्याचं इंजेक्शन फ्रिजमधून काढून अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवायचं, मग पावडर नीट भिजवून लगेच कमरेत खोल द्यायचं, नाहीतर सुई तुंबते. एकदा एका नर्सिंग होममध्ये घाई केली आणि हजारो रुपयांचं औषध सुईत अडकून वाया गेलं. तेव्हापासून डॉक्टरच घरी यायचे. पहिल्या वेळी कागद उघडून आमच्यासमोर सूचना वाचल्या त्यांनी. त्याचा कमीपणा वाटला नाही त्यांना. फी १५० रुपये. आम्ही जास्त दिले की परत करायचे.

त्यांनी गेल्या वर्षी दवाखाना बंद केला. मुलगा रेडिऑलॉजिस्ट आहे. गाळ्यात आता मोबाइलचं दुकान.

कोथिंबीर_वडी | १० फेब्रुवारी

अवांतर : धागाकर्ती, चोवीस तासांची लघवीची तपासणी (५-एचआयएए, ट्यूमर सोडतो त्या सेरोटोनिनचा माग) सांगितली असेल ना? पथ्य पाळा, नाहीतर आकडा खोटा वाढतो. आधीचे तीनेक दिवस आणि गोळा करतानाही केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो, अ‍ॅव्होकाडो बंद. माझ्या मामांनी शिकरण खाऊन तपासणी दिली होती. सगळं परत.

भिजलेला_पापड | १० फेब्रुवारी

टोमॅटो बंद म्हणजे सार बंद, केळी बंद म्हणजे शिकरण बंद. हा आजार नसून कोब्रा लोकांवरचा सूड आहे.

कोथिंबीर_वडी | १० फेब्रुवारी

आमसुलाचं सार करा की! पापडाला एवढंही माहीत नाही.

लंडनचा_पाऊस | १० फेब्रुवारी

धाग्याची गाडी स्वयंपाकघरात शिरली. आता शंभर प्रतिसाद नक्की.

मेपलचा_पाक | ११ फेब्रुवारी

एक बाजू राहिली. ग्रीन कार्डवर आलेले आईवडील. ६५ च्या पुढचे, पण इथे सलग पाच वर्षं झाल्याशिवाय मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) विकतही मिळत नाही. माझ्या सासऱ्यांसाठी आम्ही सरकारी एक्सचेंजवरून घेतलेला विमा आणि वर वर्गणीवाला डॉक्टर अशी जोडी ठेवली होती. रक्ताच्या तपासण्या घाऊक दरात झाल्या. प्रोस्टेटसारख्या नेहमीच्या गोष्टीला पुरे झालं. दुर्मीळ कॅन्सर असता तर काय झालं असतं सांगता येत नाही. एक मात्र झालं, त्यांना हाफ चड्डीतल्या त्या डॉक्टरचा इतका लळा लागला की बीपी मोजायच्या निमित्ताने तासभर क्रिकेट समजावून यायचे.

बिलवाली | ११ फेब्रुवारी

क्रिकेटची वर्गणी वेगळी लावायला हवी होती.

तिरकी_सुई | ११ फेब्रुवारी

धागाकर्ती, पैसे भरण्याआधी बहुतेक डॉक्टर एकदा फुकट भेटतात. तेव्हा विचारा : हा आजार किती वेळा पाहिलाय? ऑन्कॉलॉजिस्टशी स्वतः बोलाल का, की मीच फॅक्स वाहायचे? तुम्ही सुट्टीवर असताना फोन कोण उचलतं? हॉस्पिटलात भरती झाले तर तिथल्या डॉक्टरांशी बोलता का? आणि खारीचा_वाटा यांचा प्रतिसाद वाचून एक नवीन : कोणती गोष्ट तुम्ही करणार नाही?

माझ्या डॉक्टरने एक कागद करून दिलाय. एका बाजूला आजार, औषधं, शेवटच्या स्कॅनची तारीख. दुसऱ्या बाजूला ठळक : भूल देण्याआधी ऑन्कॉलॉजीला फोन करा, अ‍ॅड्रिनलिन जपून, ऑक्ट्रिओटाइड हाताशी ठेवा. पर्समध्ये असतो, कारण भूल किंवा तसल्या औषधांनी या ट्यूमरमधली संप्रेरकं एकदम सुटू शकतात. दोनदा कामाला आला.

ओहायोतली_मी | २२ फेब्रुवारी

उशिरा लिहितेय, मध्ये बरीच धावपळ झाली.

भेटलो. प्रश्नांची यादी छापून नेली होती, नवरा लाजत होता. डॉक्टर म्हणाल्या, "माझ्या १८ वर्षांत या आजाराचा एकही पेशंट नव्हता. विद्यार्थी असताना एक पाहिला." मी मनात म्हटलं, झालं, उठा. मग म्हणाल्या, "मला चार दिवस द्या, मी वाचते आणि तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टशी बोलते. त्यांनी नको म्हटलं तर वर्गणी घेणार नाही." काय करणार नाही, यावर क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "इंजेक्शनाच्या तारखा आणि स्कॅन यांत ढवळाढवळ करणार नाही. आणि मला समजलं नाही तर समजल्यासारखं दाखवणार नाही."

सध्या फक्त त्याच्या नावाने भरतोय, ९५. तीन महिन्यांनी बघू. अर्धा_कप, तुमचं वाक्य डोक्यातून गेलेलं नाही. आमच्या जुन्या क्लिनिकमधली रिसेप्शनिस्ट आम्ही फाइल मागायला गेलो तेव्हा म्हणाली, या महिन्यात तुम्ही सहावे.

आणि पहिली परीक्षा लगेच झाली. त्याची अक्कलदाढ दुखायला लागली. दंतवैद्याने गुरुवारी काढू म्हटलं. रात्री पावणेदहाला मेसेज केला, उगाच, सकाळी वाचतील म्हणून. त्यांनी दुसऱ्या दिवशी ऑन्कॉलॉजिस्टना आणि दंतवैद्याला दोघांनाही फोन केला. बधिर करायचं औषध अ‍ॅड्रिनलिनशिवायचं ठरलं, इंजेक्शनाची तारीख जवळ होती ती आधी उरकली. दंतवैद्य म्हणाला, बरं झालं सांगितलंत, आमच्या फॉर्मवर तुम्ही फक्त 'पोटाचा विकार' लिहिलं होतं. (ते मी लिहिलं होतं. सगळं लिहायचा कंटाळा आला होता.)

दाढ निघाली. त्रास काही झाला नाही. सध्या गुरगुट्या भात चालू आहे.

निवृत्त_दाक्तर | २२ फेब्रुवारी

'पाहिला नाही, वाचते' म्हणणारी डॉक्टर सोडू नका.

खारीचा_वाटा | २२ फेब्रुवारी

छान झालं. बहिणीला हा धागा पाठवलाय. बघू बोलते का.

भिजलेला_पापड | २३ फेब्रुवारी

मऊच खायचं असेल तर शिकरण चालेल ना आता?

ओहायोतली_मी | २३ फेब्रुवारी

नाही. चोवीस तासांची बाटली शुक्रवारी द्यायची आहे.